क्षेत्ररक्षणाची फोड: बेसबॉलमधील कौशल्ये सुटी करून मोजताना

बेसबॉलच्या मैदानावर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला पट्टा राखणाऱ्या खेळाडूला शॉर्टस्टॉप म्हणतात. समजा, उजव्या हाताच्या बॅटरचा जमिनीलगतचा जोरदार टोला शॉर्टस्टॉपच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत निघाला आहे. बॅटरला होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत ९० फूट धावायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपला चेंडूची दिशा आणि वेग ओळखायचा असतो, पहिले पाऊल योग्य बाजूला टाकायचे असते, धावत जाऊन चेंडू गाठायचा असतो, उसळी घेणारा चेंडू ग्लोव्हमध्ये टिपायचा असतो, तो उजव्या हातात घेऊन पाय रोवायचे असतात आणि मग जोरात व अचूक फेक करायची असते. सगळे जमले, तर नोंदतक्त्यात ‘६-३’ अशी नोंद होते. ६ हा शॉर्टस्टॉपचा क्रमांक, ३ हा पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा. सहा-सात वेगवेगळ्या कौशल्यांची ही साखळी दोन आकड्यांत संपते.

आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हपासून दोन फुटांवरून निघून गेला तर? मग बॅटरच्या नावावर एक हिट जमा होते. शॉर्टस्टॉपचे नाव कुठेच येत नाही. तो उशिरा निघाला, चुकीच्या जागी उभा होता, मुळातच धावायला संथ होता, की तो चेंडू जगातल्या कोणालाही मिळाला नसता, याची कसलीही नोंद उरत नाही. क्षेत्ररक्षणाच्या मोजमापाचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे ही न झालेली नोंद भरून काढण्याचा प्रयत्न आहे. हा प्रयत्न दोन टप्प्यांत झाला. आधी खेळाडूला किती संधी मिळाली हे मोजायला लोक शिकले. त्या संधीच्या आत कोणते कौशल्य कितपत उपयोगी पडले, हे मोजणे फार उशिरा सुरू झाले. माझ्या मते खरे ज्ञान दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि त्याचे कारण केवळ कुतूहलाचे नाही, संख्याशास्त्राचे आहे.

चुका मोजण्याची चूक

बेसबॉलच्या आकडेवारीचे जनक मानले जाणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडमधील एक्सेटरचे. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता ते बेसबॉलकडे वळले, आणि १८५९ च्या सुमारास त्यांनी रचलेल्या तक्त्यातून आजचा ‘बॉक्स स्कोअर’ घडत गेला. त्या परंपरेत क्षेत्ररक्षकासाठी तीन रकाने पक्के झाले: स्वतः बाद केले ते पुटआउट, दुसऱ्याला बाद करायला मदत केली ते असिस्ट आणि चूक केली ती एरर. पहिल्या दोन रकान्यांच्या बेरजेला तिन्हींच्या बेरजेने भागले, की ‘फिल्डिंग पर्सेंटेज’ निघते. शतकभर हाच आकडा क्षेत्ररक्षणाचे अंतिम माप समजला गेला.

त्यातला दोष उदाहरणाने लगेच कळतो. समजा, दोन शॉर्टस्टॉपना हंगामात सारखेच टोले आले. पहिल्याने ४८० चेंडूंपर्यंत पोहोचून १२ चुका केल्या. ४६८ बाद, टक्केवारी .९७५. दुसरा ५२० चेंडूंपर्यंत पोहोचला, २२ चुका केल्या. ४९८ बाद, टक्केवारी .९५८. जुन्या मापाप्रमाणे पहिला सरस ठरतो. प्रत्यक्षात दुसऱ्याने संघाला ३० जास्त बळी मिळवून दिले. हिट होऊ पाहणारा जमिनीलगतचा चेंडू बळीत बदलला, तर त्याची किंमत सुमारे पाऊण धाव धरतात. म्हणजे हा फरक बावीस धावांच्या आसपास गेला. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, असा बेसबॉलमधला ढोबळ हिशेब आहे. दोन सामन्यांचे निकाल फिरवणारा खेळाडू टक्केवारीत मागे पडला, कारण जो पोहोचतो त्यालाच चूक करण्याची संधी मिळते.

शिवाय ‘चूक’ ठरवणार कोण? मैदानावरचा अधिकृत नोंदकार. सर्वसाधारण प्रयत्नाने जमले असते ते जमले नाही, तर ती चूक, असे नियम सांगतो. सर्वसाधारण प्रयत्न किती, हे तो बघून ठरवतो. आणि चूक एकदा लिहिली गेली, की त्यामागचे कारणही पुसले जाते. चेंडू ग्लोव्हमधून निसटला, हातात घेताना अडखळला, की फेक वाकडी गेली? तीन निराळ्या कौशल्यांचे अपयश एकाच ‘ई’ अक्षराखाली जमा होते.

न्यूयॉर्क यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जेटर हे या मापाचे सर्वांत गाजलेले उदाहरण. २०१० मध्ये त्याने फक्त ६ चुका केल्या, टक्केवारी .९८९ आणि त्या वर्षीचा क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारही त्याचाच, एकंदर पाचवा. मात्र संधी मोजणाऱ्या जवळपास प्रत्येक पद्धतीत तो वर्षानुवर्षे सरासरीच्या खाली राहिला. आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी २००६ च्या ‘द फिल्डिंग बायबल’ या ग्रंथात त्याची तुलना ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या अ‍ॅडम एव्हरेटशी केली, तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण एव्हरेटचे नाव सामान्य प्रेक्षकाला ठाऊकही नव्हते. हा वाद ‘जेटर चांगला की वाईट’ असा रंगवला गेला, आणि तिथेच त्याची दिशा चुकली. जेटरचे हात भरवशाचे होते. उजवीकडे खोल जाऊन हवेत उडी मारत केलेली त्याची फेक अप्रतिम होती. कमी पडत होता तो टप्पा, म्हणजे चेंडू गाठता येईल असा पल्ला, विशेषतः डावीकडचा, दुसऱ्या बेसच्या बाजूचा. दोन-तीन कौशल्यांत उत्तम आणि एका कौशल्यात उणा असा तो खेळाडू होता. प्रेक्षकांना दिसत होते तेही खरे, आकडे सांगत होते तेही खरे. एकाच आकड्याचा हट्ट धरल्यामुळे दोन खरी विधाने एकमेकांशी भांडत राहिली.

संधी किती, हा प्रश्न

बिल जेम्स यांनी १९७६ मध्येच ‘रेंज फॅक्टर’ मांडला होता. पुटआउट आणि असिस्ट यांची बेरीज करा, नऊ डावांच्या हिशेबाने भागा, चुका विसरा. कल्पना साधी होती, पण दृष्टी नवी होती: किती चुकले यापेक्षा किती केले हे महत्त्वाचे. अडचण अशी, की ‘किती केले’ हे ‘किती आले’ यावर ठरते. ज्या संघाचे पिचर भरपूर स्ट्राइकआउट घेतात, म्हणजे चेंडू मैदानात न येताच बॅटरला बाद करतात, त्यांच्या क्षेत्ररक्षकांकडे चेंडूच कमी येतात. ज्यांचे पिचर चेंडू खाली ठेवतात, त्यांच्या इनफिल्डरांचा (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांचा) आकडा आपोआप फुगतो.

क्रिकेटही या अडचणीतून सुटलेले नाही. एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटच्या तोंडाशी उभे राहून. हा पराक्रम आहे यात शंका नाही. पण त्यातला किती वाटा त्यांच्या हातांचा, किती त्यांच्या निर्भय उभे राहण्याचा आणि किती बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीने निर्माण केलेल्या संधींचा, हे ५३ हा आकडा सांगू शकत नाही.

बेसबॉलने यावर उपाय शोधला तो मैदानाचे तुकडे पाडून. १९८० च्या दशकात स्वयंसेवकांनी प्रत्येक टोला कुठे पडला याची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातून जॉन ड्यूअन यांचे ‘झोन रेटिंग’ आले, पुढे मिचेल लिक्टमन यांचे ‘अल्टिमेट झोन रेटिंग’ आणि ड्यूअन यांचेच ‘डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड’. तर्क असा: या पट्ट्यात, इतक्या जोराने, या प्रकारचा चेंडू आला तर सरासरी शॉर्टस्टॉप शंभरातले किती बाद करतो? समजा ४०. मग असा चेंडू ज्याने बाद केला त्याला अधिक ०.६, ज्याला जमले नाही त्याला उणे ०.४. हंगामभराच्या अशा नोंदी बेरजेत घेऊन त्यांच्या धावा करायच्या. पहिल्यांदाच, न गाठलेला चेंडू खेळाडूच्या खात्यात दिसू लागला.

लिक्टमन यांच्या पद्धतीने एक पाऊल आणखी टाकले. इनफिल्डरसाठी तिने टप्पा, चुका आणि डबल प्ले (एकाच टोल्यावर दोन बळी) यांच्या धावा वेगळ्या दाखवल्या. आउटफिल्डरसाठी, म्हणजे मागच्या पट्ट्यातल्या क्षेत्ररक्षकांसाठी, टप्पा, चुका आणि हाताची ताकद. ही पहिली खरी फोड. तरीही ‘टप्पा’ या एका रकान्यात उभे राहण्याची जागा, चेंडू ओळखण्याची चपळाई, पायांचा वेग आणि धावण्याची वाट हे सगळे एकत्रच होते.

याच काळात टॉम टँगो यांनी वेगळा मार्ग धरला. २००३ पासून त्यांनी प्रेक्षकांनाच विचारायला सुरुवात केली: आपल्या संघाच्या खेळाडूंना तुम्ही हंगामभर पाहता, तर त्यांना सात बाबींत गुण द्या. जाण, पहिले पाऊल, धावण्याचा वेग, हात, चेंडू सोडण्यातली चपळाई, फेकीची ताकद आणि फेकीची अचूकता. आकड्यांच्या जाणकाराने डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हे अनेकांना विचित्र वाटले. मला ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते. मोजण्याचे साधन कच्चे होते, पण काय मोजायचे याची यादी अचूक होती. पुढची दोन दशके यंत्रे त्या यादीतल्या एकेका ओळीपुढे आकडा लिहीत गेली.

पहिले तीन सेकंद

२०१५ मध्ये मेजर लीगच्या तिसांही मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ बसले. आधी रडार आणि कॅमेरे, २०२० पासून हॉक-आय. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय दाखवणारे तेच तंत्र. आता चेंडूबरोबर प्रत्येक क्षेत्ररक्षकाची जागाही क्षणोक्षणी नोंदली जाते. त्यामुळे उंच टोल्याचा प्रश्न भौतिकशास्त्राचा झाला: चेंडू हवेत किती वेळ होता, खेळाडूला किती फूट जायचे होते, मागे धावायचे होते का, भिंत आड येत होती का? एवढ्यावरून त्या झेलाची शक्यता काढतात. चारांत एखाद्याच वेळी, किंवा त्याहूनही क्वचित जमणारा झेल पंचतारांकित. दहांत नऊहून अधिक वेळा पकडला जाणारा झेल एकतारांकित किंवा तारेविना.

पण झेलाची शक्यता अजूनही निकालच मोजते. खरी फोड आली २०१९ मध्ये, ‘जंप’ या मापाने. आउटफिल्डरचे पहिले तीन सेकंद घ्या. पहिल्या दीड सेकंदात, कोणत्याही दिशेने का होईना, तो किती फूट हलला ही प्रतिक्रिया. पुढच्या दीड सेकंदात किती फूट कापले ही उसळी. आणि एकूण कापलेल्या अंतरापैकी किती अंतर योग्य दिशेने होते ही वाट. तिन्ही मापे सरासरी खेळाडूच्या तुलनेत फुटांत दिली जातात.

या तीन मापांचे परस्परांशी नाते विचार करायला लावणारे आहे. प्रतिक्रिया आणि वाट एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. टोला बसताच झेपावणारा खेळाडू पहिल्या दीड सेकंदात पुढे असतो, पण अर्धवट माहितीवर निघाल्यामुळे त्याची वाट वाकडी होण्याचा धोका असतो. निमिषभर थांबून चेंडू वाचणारा मागे पडतो, पण सरळ धावतो. दोघेही एकाच ठिकाणी एकाच वेळी पोहोचू शकतात. प्रशिक्षकाने दोघांना एकच सल्ला दिला, तर एकाचे नुकसान ठरलेले.

चेंडू ‘वाचणे’ म्हणजे काय, याचा शोध मात्र स्टॅटकास्टच्या आधीचा आहे. १९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले, की उंच चेंडूकडे पाहताना नजरेच्या चढाच्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे शाळेतल्या त्रिकोणमितीतला ‘टॅन’, एकसारख्या गतीने वाढत राहील अशा बेताने धावले, तर खेळाडू नेमका चेंडू पडण्याच्या जागी पोहोचतो. ती गती वाढू लागली तर चेंडू डोक्यावरून जाणार, मंदावली तर पुढ्यात पडणार. थेट अंगावर येणारा उंच टोला सर्वांत अवघड का, हेही यातून कळते: बाजूचे सरकणे दिसत नाही, फक्त हा चढ वाचायचा असतो आणि सुरुवातीला तो फारच फसवा असतो. म्हणजे प्रतिक्रिया ही पायांची कमी आणि डोळ्यांची जास्त.

आता वेगाशी हिशेब घालून पाहू. पूर्ण वेगाने धावताना मेजर लीगचा सरासरी खेळाडू सेकंदाला सुमारे २७ फूट जातो; ३० फूट म्हणजे अतिवेगवान. समजा, एका आउटफिल्डरचा वेग २७ आणि जंपमध्ये तो सरासरीच्या ३ फूट पुढे. दुसऱ्याचा वेग २९, पण जंपमध्ये ३ फूट मागे. तिसऱ्या सेकंदाला पहिला ६ फूट पुढे आहे. त्यानंतर दुसरा दर सेकंदाला २ फूट भरून काढतो. बरोबरी व्हायला आणखी तीन सेकंद हवेत, म्हणजे चेंडू एकंदर सहा सेकंद हवेत राहायला हवा. इतका उंच गेलेला चेंडू बहुधा कोणालाही पकडता येतो. कस लावणारे झेल चार-साडेचार सेकंदांतच संपतात, आणि तिथे संथ पण लवकर निघणारा खेळाडू तीन-चार फुटांनी जिंकलेला असतो. बोस्टनचा जॅकी ब्रॅडली ज्युनियर लीगमधल्या सर्वांत वेगवान धावपटूंत कधी मोडत नव्हता, तरी सेंटर फिल्डमध्ये त्याची गणना सर्वोत्तमांत होई. तो आधीच निघालेला असे.

हात, आणि फेकीआधीचा क्षण

फेकीच्या बाबतीत प्रेक्षकाला ताकद दिसते, कारण ती डोळ्यांत भरते. पिट्सबर्ग पायरेट्सच्या ओनिल क्रूझने जुलै २०२२ मध्ये शॉर्टस्टॉपवरून ताशी ९७.८ मैलांची, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाची फेक केली. इनफिल्डरने केलेली, तोवर यंत्राने नोंदलेली ती सर्वांत वेगवान फेक. पण ताकदीची किंमत किती? खोल शॉर्टस्टॉपपासून पहिल्या बेसपर्यंत १३० फूट धरा. हवेचा विरोध सोडून दिला, तर ताशी ८० मैलांच्या फेकीला १.११ सेकंद लागतात, ९० मैलांच्या फेकीला ०.९८. फरक एक अष्टमांश सेकंदाचा. तेवढ्यात बॅटर साडेतीन फूट धावतो, आणि निकाल फिरवायला ते पुष्कळ आहे. मात्र ग्लोव्हमधून चेंडू काढून सोडण्याच्या क्रियेत तेवढाच वेळ वाचवता आला, तर ताशी १० मैल कमी ताकदीचा हातही पुरतो. ताकद बरीचशी उपजत असते. हातातून चेंडू काढण्याची, पाय जुळवण्याची सफाई सरावाने येते. या दोहोंना ‘चांगला हात’ असे एकच नाव दिले, तर शिकवण्याजोगी गोष्ट न शिकवण्याजोग्या गोष्टीत हरवते.

होम प्लेटमागच्या कॅचरबाबत ही विभागणी आधीच झाली आहे. दुसरा बेस चोरणाऱ्या धावपटूविरुद्ध कॅचरचा ‘पॉप टाइम’ मोजतात: चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरल्यापासून १२७ फुटांवरच्या दुसऱ्या बेसपर्यंत फेक पोहोचेपर्यंतचा वेळ. सरासरी सुमारे दोन सेकंद. त्यात चेंडू बाहेर काढण्याचा वेळ वेगळा आणि फेकीचा वेग वेगळा दाखवला जातो. दोन कॅचरांचा पॉप टाइम एकच असू शकतो, कारणे उलट असू शकतात.

आउटफिल्डरच्या हाताचे मोजमाप अधिक फसवे आहे. पिट्सबर्गच्या रोबर्टो क्लेमेंटेने कारकिर्दीत आउटफिल्डमधून २६६ असिस्ट केले. पण ज्याच्या हाताची दहशत बसते, त्याच्यावर धावपटू धोका पत्करत नाहीत. ते दुसऱ्या बेसवरच थांबतात आणि असिस्टचा रकाना रिकामा राहतो. म्हणून आताची मापे बाद झालेल्यांबरोबर जे धावलेच नाहीत त्यांचीही गणना करतात.

अचूकता अजून नीट हाती लागलेली नाही. पहिल्या बेसवरचा खेळाडू खाली पडलेली फेक उचलून घेतो, तेव्हा फेकणाऱ्याची चूक झाकली जाते. तो तितका कुशल नसेल, तर तीच फेक एरर ठरते. एकाच्या कौशल्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडते.

कौशल्य सुटे केल्याने जग किती बदलते, याचा सर्वांत ठळक पुरावा कॅचरच्या ‘फ्रेमिंग’मध्ये मिळाला. स्ट्राइक झोनच्या काठावरचा चेंडू अशा शांत हाताने झेलायचा, की पंचाने तो स्ट्राइक द्यावा. जुने खेळाडू याबद्दल बोलत, आकडेवाले फारसे मनावर घेत नसत. २००८ पर्यंत सगळ्या मैदानांत प्रत्येक पिचची जागा नोंदणारे कॅमेरे आले. २०११ मध्ये विश्लेषक माइक फास्ट यांनी त्या नोंदींवरून दाखवले, की या एका कौशल्यात कॅचरांमधला फरक हंगामात कित्येक धावांचा असतो. एका जास्तीच्या स्ट्राइकची किंमत धावेचा सुमारे आठवा भाग, आणि असे प्रसंग रोज येतात. फलंदाजीत अगदी दुबळा असलेला होझे मोलिना या यादीत वरच्या टोकाला निघाला. त्याच हिवाळ्यात टॅम्पा बे रेजने त्याला करारबद्ध केले, आणि फास्ट यांना अ‍ॅस्ट्रोजनी नोकरी दिली.

तुकडे का पाडायचे

एकूण निकाल मोजायला एवढी चांगली मापे असताना कौशल्ये वेगळी मोजण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर संधींच्या वाटणीत आहे. शॉर्टस्टॉपकडे हंगामात शेकडो चेंडू येतात, पण त्यांतले बहुतेक कोणीही बाद करील असे असतात आणि बरेच कोणालाच न मिळणारे. खेळाडूची पारख करणारे, निम्म्या वेळा जमणारे चेंडू थोडे. असे १०० चेंडू आले असे उदारपणे धरले, तरी निव्वळ योगायोगाने होणारे प्रमाणित विचलन ५ बळींचे येते. म्हणजे अगदी सरासरी खेळाडूही केवळ नशिबाने १० बळींनी वर किंवा खाली दिसू शकतो. धावांत तो फरक साडेसात. एका हंगामाच्या निकालावरून कोणाला ‘उत्तम’ किंवा ‘सुमार’ ठरवणे म्हणजे बरेचदा योगायोगालाच प्रमाणपत्र देणे होय. म्हणूनच जाणकार क्षेत्ररक्षणाचे आकडे तीन वर्षांचे एकत्र पाहा म्हणतात.

कौशल्यांची मापे या सापळ्यातून बऱ्याच अंशी सुटतात. फेकीचा वेग, धावण्याचा वेग, पहिल्या दीड सेकंदातले अंतर या भौतिक राशी आहेत. चेंडू पकडला गेला की नाही यावर त्या अवलंबून नाहीत. चाळीस-पन्नास फेकींत हाताची ताकद कळते. शिवाय ही कौशल्ये एकाच चालीने म्हातारी होत नाहीत. पाय आधी मंदावतात, हात आणि जाण पुष्कळ टिकतात. एकूण आकडा घसरला, तर तो का घसरला हे तुकडेच सांगतात, आणि त्यावरून खेळाडूला दुसऱ्या जागी हलवायचे की त्याच्यावर मेहनत घ्यायची हे ठरते. इतका विलक्षण हात असूनही क्रूझ शॉर्टस्टॉपवर स्थिरावला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पायरेट्सनी त्याला सेंटर फिल्डला नेले, जिथे त्याचा वेग आणि हात दोन्ही कामी येतात आणि जमिनीलगतच्या उसळत्या चेंडूंची परीक्षा टळते.

जे सुटे होत नाही

या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती उपकरणांची नाही. काही कौशल्ये एकमेकांत विणलेली असतात. ज्याचा हात दणकट तो शॉर्टस्टॉप चार पावले मागे उभा राहू शकतो. मागे उभा राहिल्याने त्याला चेंडूपाशी जायला जास्त वेळ मिळतो. म्हणून त्याचा टप्पा मोठा दिसतो. तो टप्पा पायांचा की हाताचा? या प्रश्नाला स्वच्छ उत्तर नाही.

उभे राहण्याची जागा हा तर सर्वांत कठीण भाग. २०१२ मध्ये टोरोंटोचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू ब्रेट लॉरी याचा ‘डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड’चा आकडा एकाएकी आकाशाला भिडला. कारण शोधले तेव्हा कळले, की डावखुऱ्या बॅटरांविरुद्ध संघ त्याला थेट उजव्या बाजूला, आउटफिल्डच्या तोंडाशी उभा करत होता. तिसऱ्या बेसवाल्यांना कधीच न मिळणारे चेंडू तो तिथे पकडत होता आणि मापाला ते अद्भुत वाटत होते. श्रेय होते व्यूहरचनेचे, जमा होत होते खेळाडूच्या नावावर. पुढे अशा नोंदी वेगळ्या काढल्या गेल्या. ‘डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड’ने जागा, हवेतले चेंडू, टप्पा आणि फेक असे चार भाग पाडले. स्टॅटकास्टचे ‘आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज’ तर खेळाडू जिथे उभा होता तिथूनच मोजायला लागते. २०२३ पासून नियमानेच दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर बंधनकारक झाले, त्यामुळे हा गोंधळ आणखी कमी झाला.

पण त्यात एक अन्याय शिरला आहे. बाल्टिमोरचा कॅल रिपकेन ज्युनियर सहा फूट चार इंचांचा, शॉर्टस्टॉपच्या मानाने थोराड, पायांनी फारसा चपळ नाही. तरी १९८४ मध्ये त्याने ५८३ असिस्ट केले, अमेरिकन लीगमधला शॉर्टस्टॉपचा विक्रम. आणि १९९० मध्ये संपूर्ण हंगामात अवघ्या ३ चुका. कॅचरची खूण पाहून कोणता पिच येणार, बॅटर तो कुठे मारणार याचा अंदाज बांधून तो टोला बसण्यापूर्वीच योग्य जागी सरकलेला असे. आजच्या मापाने तो जिथे उभा राहिला तिथून चेंडू सोपाच होता, म्हणून श्रेय शून्याच्या जवळपास. ज्या कौशल्याने तो मोठा झाला, नेमके तेच मोजणी सुरू होण्याआधी घडून गेलेले असते. संघाने ठरवून दिलेली जागा आणि खेळाडूने स्वतः हेरलेली जागा यांत भेद करू शकणारे माप अजून आपल्यासमोर नाही. ते येईपर्यंत ‘टप्पा कमी’ असा शेरा मारताना हात आखडता घ्यावा.

माझा आग्रह असा, की क्षेत्ररक्षकाबद्दल बोलताना प्रतिक्रिया, वेग, वाट, हात, चेंडू सोडण्याची सफाई, फेकीची ताकद आणि अचूकता हे वेगवेगळे सांगावे आणि एकूण धावांचा आकडा सर्वांत शेवटी, तोही किमान दोन-तीन हंगामांचा. पुरस्कार देणाऱ्यांनी या दिशेने थोडी वाटचाल केली आहे: २०१३ पासून गोल्ड ग्लोव्हच्या निवडीत साधारण पाव हिस्सा आकडेवारीच्या निर्देशांकाचा असतो, उरलेला पाऊण व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांच्या मतांचा. तोही निर्देशांक खेळाडूमागे एकच बेरीज देतो. आणि मैदानावरच्या मोठ्या फलकावर अजूनही प्रत्येक संघापुढे बेरजेचे तीनच रकाने असतात: धावा, हिट आणि एरर.